विंगेटची मोजणी आणि सुप्याची जळलेली कर्जखतं: दर उतरले, तरी दख्खनचा शेतकरी बुडाला कसा?

माळरान

पेशवाई गेल्यानंतरच्या पुणे-नगर भागातलं एक कोडं मांडतो. जाणकारांनी उलगडून सांगावं.

इंग्रजांची इथली पहिली पद्धतशीर आकारणी प्रिंगलची, १८२०च्या दशकाच्या अखेरीची. हा हेलीबरी कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकून आलेला. एकूण पिकातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे, असं त्याचं सूत्र. ते इंदापूरच्या माळाला लावलं आणि काही वर्षांत कुळं गावं सोडून गेली. १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी त्याच इंदापुरात नव्याने मोजणी सुरू केली. त्यांनी दर उतरवले, ३० वर्षं बदलणार नाहीत अशी हमी दिली आणि पडीक जमीन झपाट्याने लागवडीखाली आली.

इथवर सगळं ठीक दिसतं. मग १२ मे १८७५ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खतं (कर्जाचे कागद) का जाळली? दर हलका आणि जमीन नावावर. बिघडलं कुठे?

शंकुरेषा

चांगला धागा. आधी विंगेटची पद्धत प्रत्यक्षात कशी चालायची ते लिहितो, म्हणजे पुढचं बोलणं नेमकं होईल.

मोजणीचं हत्यार म्हणजे ३३ फुटांची शंकुसाखळी, तिचे १६ भाग, एकेक भाग म्हणजे आणा. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. शेताच्या लांबीत एक शंकुरेषा टाकायची, बांधाच्या प्रत्येक वळणावरून तिच्यावर लंब काढायचे, मापं टिपणात लिहायची. मग त्रिकोण आणि समलंब चौकोनांची क्षेत्रफळं काढून बेरीज, ती गुणाकार बुकात. कोन मोजायचं काम पडत नाही, म्हणून थोड्या दिवसांत शिकवलेले कारकून हे काम करू शकत.

सर्व्हे नंबर पाडताना एका बैलजोडीला किती जमीन झेपेल हा अंदाज धरला होता: हलक्या जिरायतीत सुमारे २० एकर, मध्यम जमिनीत १५, भारी काळीत १२, भातात ४.

त्यानंतर प्रतबंदी. शेताचे सारखे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात खणून मातीची खोली हातात मोजायची. मातीच्या पोत-रंगावरून तीन जाती: बारीक पोताची काळी ते गडद तपकिरी पहिली, जाडसर आणि बहुधा तांबूस ती दुसरी, मुरमाड किंवा भुसभुशीत फिकी ती तिसरी. पहिल्या जातीत पावणेदोन हात खोली असेल तर १६ आणे, दीड हात १४, सव्वा हात १२, एक हात १०, असं उतरत जायचं. एकूण नऊ प्रती, शेवटची २ आण्यांची. मग दोष बघायचे: चुनखडी, वाळूचं मिश्रण, उतार, करल (पाणी न मुरणारी माती), पाण्याने धुपणं, उपळ (जमिनीतून पाणी पाझरणं). एकेका दोषाला एकेक प्रत खाली. म्हणजे दीड हात खोलीची काळी १४ आण्यांची, पण चुनखडी आणि उतार दोन्ही असतील तर १० आण्यांची. सगळ्या भागांची सरासरी म्हणजे त्या नंबराची प्रत.

दर प्रतबंदीतून येत नसे. तो गावांच्या गटाला लावायचा: पाऊस कसा, बाजार किती लांब, शेती कशी करतात हे बघून एक कमाल दर ठरे. समजा कमाल दर एकरी १२ आणे, शेत १५ एकरांचं आणि प्रत ८ आण्यांची. तर एकरी ६ आणे, एकूण ९० आणे, म्हणजे ५ रुपये १० आणे आकार (वर्षाचा सारा). पाऊस पडो न पडो, एवढा भरायचा.

नीराकाठ

शंकुरेषा, दंडवत! वाचनखूण साठवली.

एक शंका. ही मोजणी कितपत अचूक असायची? जुन्या टिपणाप्रमाणे आज मोजायला गेलं की बांध सरकलेला का निघतो?

शंकुरेषा

मुख्य कारणं तीन. पहिलं, साखळीच्या कड्या झिजून आणि ताणून ती लांबते. ३ इंच वाढली तरी क्षेत्रात दीड टक्का फरक पडतो, म्हणजे ४० एकराचा नंबर कागदावर २४ गुंठ्यांनी कमी येतो. दुसरं, उतारावर साखळी जमिनीला टेकवून धरली की अंतर जास्त भरतं. तिथे ती आडवी ताणून टप्प्याटप्प्याने उतरावं लागतं, आणि घाईत ते होत नाही. तिसरं, हद्दीचे दगड. ते हलले की टिपण बरोबर असूनही जागेवर बसवता येत नाही, कारण शंकुरेषेची टोकंच सापडत नाहीत.

ताळेबंद

माळरान यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही दराकडे बघताय. माझ्या मते दुखणं दरात नव्हतं. ते तीन गोष्टींत होतं: रोख, तारीख आणि विक्रीची सोय.

मराठा अमदानीत वसुली बहुतेक गावावर एकत्र बसे. पाटील आणि कुलकर्णी ती आत वाटत. एखाद्याचा बैल मेला किंवा विहीर आटली, तर त्या साली त्याच्या वाट्याचं ओझं इतरांवर थोडं थोडं पसरे. हे प्रेमाने होत असे असं मी म्हणत नाही, पण गावाला रकमेची भर करायची असल्यामुळे कूळ टिकवणं भाग होतं. रयतवारीत प्रत्येक खातेदार एकटा सरकारसमोर उभा. आकार पक्का, तारीख पक्की आणि चलन रोख. हप्त्याची तारीख पीक विकून होण्याआधी आली की सावकार गाठायचा.

सावकार पूर्वीही होताच. पण पूर्वी त्याच्या हातात जमीन विकून घेण्याचा सोपा मार्ग नव्हता. मिरासदाराची (वंशपरंपरागत हक्काच्या कुळाची) जमीन सहसा हलत नसे आणि उपऱ्याच्या (असा हक्क नसलेल्याच्या) जमिनीला तारण म्हणून किंमतच नव्हती. विंगेटच्या मोजणीने सर्व्हे नंबर झाला, त्याला मालकीसारखा हक्क आला, आकार हलका म्हणून त्याला बाजारात किंमत आली. तीच जमीन कर्जाला तारण झाली. म्हणजे दर उतरवल्यामुळेच पत वाढली आणि पत वाढल्यामुळे कर्ज.

हा धोका खुद्द विंगेटला दिसला होता. कायदा सावकाराच्या बाजूने झुकला आहे आणि रयत त्याच्या मुठीत जाते आहे, असं त्याने १८५२ सालीच सरकारला कळवलं होतं.

भुईकोट

ताळेबंद, थोडा असहमत. जुनी व्यवस्था एवढी लवचीक होती तर दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती (परगण्यांची वसुली) मक्त्याने देऊन गावं का पिळली गेली? मक्तेदाराला एका वर्षात पैसा काढायचा असे, त्याला कूळ टिकण्याशी काही देणंघेणं नव्हतं. एल्फिन्स्टनच्या १८१९च्या अहवालात हे सविस्तर आलं आहे. आणि माधवरावाच्या काळची ‘कमाल’ नावाची आकारणी हीसुद्धा बिघ्यावर, जमिनीची प्रत बघूनच होती. मोजणी आणि प्रतबंदी इंग्रजांनी इथे शून्यातून आणली नाही.

ताळेबंद

भुईकोट, मक्त्याबद्दल अगदी बरोबर. माझा मुद्दा शेवटच्या पेशव्याचा नसून त्याआधीच्या वहिवाटीचा होता. फरक एवढाच, की मक्तेदार गेला की गाव पुन्हा सावरू शकत असे. कोर्टाचा हुकूमनामा होऊन जमीन गेली की ती परत येत नसे.

पानसुपारी

कोर्टाचा भाग सविस्तर लिहा ना कोणीतरी. कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली, ते काय प्रकरण होतं?

ताळेबंद

लिहितो, ताई. सगळ्या गोष्टीचं मर्म तिथेच आहे.

१८५५ला व्याजदरावरची कायदेशीर मर्यादा उठली. १८५९ला दोन कायदे आले: दिवाणी कामकाजाची संहिता आणि मुदतीचा कायदा. साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत ठरली. हेतू असा होता, की जुनी, कुजलेली देणी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहू नयेत. झालं उलटं. मुदत संपण्याआधी सावकार नवं खत लिहून घ्यायचा आणि त्यात मागचं मुद्दल अधिक थकलेलं व्याज हे नवं मुद्दल.

आकडे मांडून बघा. १०० रुपये कर्ज, व्याज सालाला २४ टक्के, फेड काहीच नाही. तीन वर्षांनी १७२चं खत. सहा वर्षांनी २९६. नऊ वर्षांनी ५०९. खत बदललंच नसतं तर सरळव्याजाने नऊ वर्षांनी ३१६ झाले असते. आणि दामदुपटाचा नियम, म्हणजे थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही हा, लावला असता तर २००वर थांबलं असतं. दामदुपट मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोला लागू होताच. पण नव्या खतात व्याज मुद्दलात मुरलेलं असल्यामुळे कोर्टापुढे फक्त नवं मुद्दल दिसे. नियम कायम राहिला, त्याचा उपयोग गेला.

त्यात खत लिहिणारा एकच हात. रयतेला वाचता येत नाही, अंगठा किंवा नांगराची निशाणी करायची. भरलेल्या रकमेची पावती नाही. धान्य दिलं तर सुगीच्या पडत्या भावाने जमा आणि पेरणीला घेतलं तर चढत्या भावाने नावे. दावा लागला तर मुन्सफ कोर्ट लांब, समन्स पोचो न पोचो, कूळ हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा. मग जमीन, घर, कधी कधी भांडीसुद्धा लिलावात.

पानसुपारी

दोनशेच्या जागी पाचशे नऊ. कायदा करणाऱ्यांनी हे गणित कागदावर एकदा मांडून तरी बघायचं होतं. संताप येतो.

सरकीढेप

कापसाचा मुद्दा अजून कुणी काढला नाही म्हणून लिहितो. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते ६५. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मुंबईत भाव कडाडले. त्याच सुमाराला भोर घाटातला रेल्वेमार्ग झाला (१८६३ला खुला). पैसा खेळू लागला. घाट आणि पुढची लाइन बांधताना गाडीवान, खाणकामगार, मजूर सगळ्यांना रोख मिळत होती. सावकारानेही हात सैल सोडला, कारण जमीन आणि पीक दोन्हींचे भाव वर होते.

१८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले. रेल्वेचं काम उरकलं, मजुरी बंद. आणि १८६७ला इंदापूरची तीस वर्षं भरली. फेरआकारणी झाली ती या तेजीतल्या भावांकडे बघत. आकार एकदम वाढला, आणि वाढ लागू झाली ती मंदीत. सावकाराने हात आखडता घेतला, सरकारने वाढवून मागितलं, दोन्ही एकाच वेळी.

यावर पुणे सार्वजनिक सभेने आवाज उठवला. शेवटी १८७४ला सरकारने वाढीवर मर्यादा घातली: गावांच्या गटाला ३३ टक्के, एका गावाला ६६ आणि एका खात्याला १०० टक्क्यांहून जास्त वाढ नाही. यावरून त्याआधी काय चाललं होतं त्याची कल्पना येते.

भुईकोट

सरकीढेप, कापसाची तेजी खरी. पण फेरआकारणीमुळे दंगे झाले हे म्हणणं नकाशावर टिकत नाही. १८७५चे दंगे नगर जिल्ह्यात श्रीगोंदा, पारनेर, कर्जत या भागांतही झाले, आणि तिथे तोवर फेरआकारणी झालीच नव्हती. तेव्हा वाढीव आकार हे कारणांपैकी एक, सगळं कारण नव्हे. शिवाय सुप्याच्या आधी डिसेंबर १८७४मध्ये शिरूर तालुक्यातल्या करड्यात जे सुरू झालं ते आठवा. एका सावकाराने हुकूमनामा बजावून कर्जदाराचं घर पाडायला घेतलं, आणि गावाने त्याच्यावर बहिष्कार टाकला: न्हावी नाही, पाणक्या नाही, मोलकरीण नाही. तिथून लोण पसरलं. ठिणगी हुकूमनाम्याची होती.

सरकीढेप

मान्य, नकाशाचा मुद्दा वजनदार आहे. पण दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगानेही वसुलीचा दोष झटकून सगळा भार सावकारावर टाकला, त्याकडेही सावधपणे बघायला हवं. आयोग नेमणाऱ्यालाच ते सोयीचं होतं.

नीराकाठ

दंग्यात काय जाळलं ते बघितलं तर उत्तर तिथेच आहे असं वाटतं. माणसांना मारहाण फार कमी झाली. लोक खतं मागत आणि ती हातात दिली की बहुतेक ठिकाणी पुढे काही करत नसत. सरकारी कचेऱ्यांवर कोणी गेलं नाही. रागाचा रोख कागदावर होता, कारण हुकूमनाम्याचा सगळा पुरावा त्या कागदात होता.

खाडीपल्याड

देशावरचं चाललंय तर कोकणाचंही थोडं. रत्नागिरीत रयतवारी सरळ लागूच झाली नाही, कारण मध्ये खोत. सर्व्हेवाले शेत मोजून कुळाचं नाव लावायला गेले की खोत आडवा येई. शेवटी १८८०ला खोतीचा वेगळा कायदा झाला. कुळाने पिकाचा हिस्सा खोताला द्यायचा, खोताने सरकारला भरायचं. डॉ. आंबेडकरांनी १९३७ला मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं ते या व्यवस्थेविरुद्ध. खोती प्रत्यक्षात गेली ती स्वातंत्र्यानंतर.

प्रतबंदीही वेगळी: भात, बागायत आणि वरकस (डोंगरउतारावरची हलकी जमीन). देशावरची नऊ प्रतींची हातमोजणी वरकसाला लावण्यात अर्थ नव्हता, तिथे नाचणी-वरीनंतर जमीन वर्षानुवर्षं पड ठेवावी लागते.

मांडवी

गोव्यात तर तऱ्हाच निराळी. पोर्तुगीजांनी १५२६च्या फोरालमध्ये (सनदेत) गावकारीच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या संस्थेच्या, चालीरीती लिहून काढल्या आणि गावकारी, म्हणजे पुढची कोमुनिदाद, तशीच ठेवली. ठरलेली रक्कम गावकारीने भरायची. जमीन गावकारीची, तिचा लिलाव करून शेतं कसायला द्यायची, उरलेलं गावकारांत वाटायचं. म्हणजे ताळेबंद म्हणतात ती सामूहिक जबाबदारी गोव्यात परकी सत्तेखालीच टिकली. तिचा फायदा गावकारांच्या घराण्यांना, कसणाऱ्या कुळाला त्यात आवाज नव्हता, हेही सांगायला हवं. तुमच्याकडच्या सातबाऱ्यासारखा आमचा ‘एक आणि चौदा’चा नमुना मुक्तीनंतरच्या सर्व्हेतला.

रब्बी_ज्वारी

मध्येच विचारतो. दुष्काळात जाहीर होते ती आणेवारी आणि ही प्रतीची आणेवारी एकच का?

शंकुरेषा

नाही दादा. प्रत मातीची, ती पिढ्यान्‌पिढ्या तीच. दुष्काळातली आणेवारी त्या सालच्या पिकाची, दरवर्षी नव्याने काढतात, आता पैशांत. वसुली तहकूब करण्यासाठी तिचा वापर इंग्रजी अमलातच सुरू झाला: पीक चार आण्यांहून कमी असेल तर त्या सालची वसुली पूर्ण तहकूब. १९१८चा खेड्याचा सत्याग्रह याच आकड्यावरून पेटला. सरकार म्हणे चार आण्यांवर, शेतकरी म्हणत खाली.

माळरान

बरंच स्पष्ट झालं. मग दंग्यांनंतर आलेल्या १८७९च्या कायद्याने काही सुधारलं का?

ताळेबंद

अर्धवट. डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कोर्टाने खतातल्या आकड्यावर न थांबता कर्जाचा पहिल्यापासूनचा हिशेब उकलायचा, हे त्यातलं सर्वांत मोलाचं कलम. वरच्या उदाहरणातले ५०९ पुन्हा १००पर्यंत मागे नेऊन मांडायचे. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद बंद. जमीन स्पष्टपणे गहाण दिली नसेल तर साध्या कर्जापोटी तिची विक्री नाही. खतं गाव-निबंधकापुढे.

पळवाटही लगेच निघाली. गहाणखताचा हिशेब कोर्ट उकलतं ना, मग गहाण घ्यायचंच नाही. कर्ज देताना सरळ खरेदीखत करून घ्यायचं आणि तोंडी सांगायचं, पैसे फेडलेस की जमीन परत. कागदावर विक्री, मनात गहाण. पुढे कायदा दुरुस्त करून, खरेदीखत हे खरं तर गहाण आहे असं दाखवायला तोंडी पुरावा चालेल, अशी सोय करावी लागली. पण तोंडी पुरावा देणार कोण? साक्षीदारही त्याच सावकाराचं देणेकरी.

भुईकोट

याला जोडून १९०१. मोठ्या दुष्काळानंतर सरकारने जमीन महसूल कायदा दुरुस्त करून, सरकारजमा झालेली जमीन परत देताना ती परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी अट घातली. फिरोजशहा मेहतांनी मुंबई कौन्सिलातून सभात्याग केला, गोखलेही बाहेर पडले. त्यांचं म्हणणं, याने शेतकऱ्याची पतच जाईल आणि तो सरकारचा निव्वळ कूळ होईल. सातबाऱ्यावर आज ‘नवीन शर्त’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ दिसतं, त्याचं एक मूळ इथे आहे.

जोतीराव फुल्यांनी त्याआधीच दर तीस वर्षांनी होणारी पाहणी आणि सारावाढ, आणि कुलकर्ण्यापासून कोर्टातल्या कारकुनापर्यंतची साखळी, यांवर नेमकं बोट ठेवलं होतं. मेहता शेतकऱ्याची पत जाण्याबद्दल बोलत होते. फुले विचारत होते, की कागद लिहितो कोण.

नीराकाठ

+१. हा फरक फार महत्त्वाचा.

सरकीढेप

आणि तुकडे. कृषिखात्याचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७च्या सुमारास पुण्याजवळचं पिंपळे सौदागर तपासलं. १७७१ला सरासरी खातं ४० एकरांचं, १९१५ला ७ एकरांचं. विंगेटने एका बैलजोडीला बेतलेला १५-२० एकरांचा नंबर तीन पिढ्यांत बैलजोडीला पुरेनासा झाला. वारसाहक्काची वाटणी हे कारण आहेच. पण पूर्वी वाटणी होऊनही जमीन सहसा घराण्यात, थळातच (घराण्याच्या मूळ वाट्यातच) राही. आता हिस्सा वेगळा, विकता येणारा आणि गहाण टाकता येणारा झाला.

शंकुरेषा

माळरान, तुमच्या कोड्याचं माझं उत्तर देतो. विंगेटची प्रतबंदी त्या काळाच्या मानाने प्रामाणिक काम होतं, त्यात मला खोट दिसत नाही. पण त्यात पावसाची सरासरी आहे, पावसाची लहर नाही. इंदापूर-भीमथडी पर्जन्यछायेतला पट्टा. तिथे पाच सालांत एखाद-दुसरं पीक धड येतं आणि त्याच्या जोरावर बाकीची सालं काढावी लागतात. आकार हलका असला तरी दरसालचा. वाईट सालात तो भरायचा तर कर्ज, आणि कर्ज घेतलं की १८५९चा कायदा. मोजणी करणारे आणि कोर्टं बांधणारे एकाच सरकारचे, पण दोघांचं गणित कधी एका कागदावर आलं नाही.

माळरान

हे पटलं. धन्यवाद. ज्यांना आपल्या गावाचं तपासायचंय त्यांच्यासाठी, शंकुरेषा, कुठले कागद मागायचे तेवढं सांगा.

शंकुरेषा

तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात नकलेसाठी अर्ज करा. जुना सर्व्हे नंबर माहीत हवा. गावात एकत्रीकरण योजना झाली असेल तर सातबाऱ्यावर गट नंबर असतो, म्हणून आधी एकत्रीकरणाच्या जबाबावरून गटाचा जुना सर्व्हे नंबर काढून घ्या. मग मूळ टिपण, गुणाकार बुक, प्रतबुक आणि आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि आकाराची नोंदवही) मागा. हिस्से पडले असतील तर फाळणीही. प्रतबुकात भागवार खोली आणि दोषांच्या खुणा मिळतील. आकारबंदातला आकार आणि प्रतीचे आणे घेतले की उलट गणिताने तुमच्या गटाचा कमाल दर काढता येतो: एकरी आकार गुणिले १६, भागिले प्रतीचे आणे. पोटखराब (लागवडीला न येणारं) क्षेत्र आधी वजा करायला विसरू नका, नाहीतर दर कमी येईल.